सुटा पांढरा खडा: हिरा, पुखराज, जरकन की काच? ओळख आणि किंमत

सुटाखडा

अंगठीतून निघालेला एक पांढरा, आरपार स्वच्छ खडा आहे. सोबतच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत 'सफेद पुखराज २.३० रत्ती' एवढंच. पावती नाही, लॅबचा कागद नाही.

घाट लंबगोल. व्हर्नियरने ९.१ × ७.० मिमी, खोली ४.६ मिमी. मिलिग्रॅमच्या काट्यावर ०.४२० ग्रॅम. पेनासारखा डायमंड टेस्टर लावला, वाजला नाही. तोंडाची वाफ मारली तर लगेच उडाली. बाटलीच्या काचेवर ओरखडा उठतो. छापील कागदावर उपडा ठेवला की खालचं अक्षर वाकडंतिकडं का होईना, पण दिसतं.

प्रश्न दोन. हा नेमका काय आहे? आणि विकायचा झाला किंवा विम्यात दाखवायचा झाला तर किंमत कशी धरायची?

गुंजभर

आधी चिठ्ठीचं बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे.

रत्ती म्हणजे आपली गुंज. आठ गुंजा एक मासा, बारा मासे एक तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर गुंज येते ०.१२१५ ग्रॅमची. पण राशीचे खडे विकणारे जी रत्ती वापरतात ती सोनाराची नव्हे, ती साधारण ०.१८२ ग्रॅमची, म्हणजे ०.९१ कॅरेटच्या आसपास. तुमचा खडा ०.४२० ग्रॅम, म्हणजे २.१० कॅरेट (एक कॅरेट ०.२ ग्रॅम). २.३० ला ०.९१ ने गुणलं की २.०९ येतात. वजनात चिठ्ठी खरी आहे. भाव विचारताना मात्र 'रत्तीला' की 'कॅरेटला' हे पहिल्या वाक्यात ठरवून घ्या, नाहीतर सगळा हिशेब नऊ-दहा टक्क्यांनी हलतो.

आता 'पुखराज'. ज्योतिषाच्या दुकानात पिवळ्या नीलमाला पुखराज म्हणतात आणि त्याच चालीवर रंगहीन नीलमाला पांढरा पुखराज. पण आपल्याकडे टोपाझलाही पुष्कराज म्हणतात. दोन वेगळी खनिजं, नाव एक. नीलम कोरंडम नावाच्या खनिजकुळातला, काठिण्य ९ (हिऱ्याचं १० धरून). टोपाझ हे ॲल्युमिनियमचं फ्लोरिन असलेलं सिलिकेट, काठिण्य ८. भावात दोघांमध्ये दरी आहे.

जरकनचं तर त्याहून वाईट. झिरकॉन नावाचं खरं, खाणीतून निघणारं रत्न आहे. पण दुकानात 'जरकन' म्हणून जे देतात ते बहुतेक वेळा क्युबिक झिरकोनिया असतं, ज्याला लोक अमेरिकन डायमंड किंवा नुसतं एडी म्हणतात. ते कारखान्यात बनतं आणि १९७६ पासून व्यापारी प्रमाणावर मिळू लागलं. त्यामुळे चिठ्ठीवरचं नाव तूर्त बाजूला ठेवा.

भिंगधारी

> तोंडाची वाफ मारली तर लगेच उडाली. बाटलीच्या काचेवर ओरखडा उठतो.

या दोन्ही चाचण्या विसरा. वाफ किती वेळ टिकते हे खड्याच्या आकारावर, खोलीतल्या हवेवर आणि पंख्यावर ठरतं. काच काठिण्यात साडेपाचच्या आसपास, तिच्यावर साधा स्फटिकही (क्वार्ट्झ, ७) ओरखडा उठवतो. उलट ओरखडे काढताना खड्याची धार उडते ती वेगळीच. हातोडीची चाचणी कुणी सुचवली तर हात जोडा. हिरा कठीण आहे, पण ठरावीक दिशांनी तो स्वच्छ दुभंगतो.

अक्षर दिसण्याला थोडा अर्थ आहे. वक्रीभवनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप) जितका जास्त तितका प्रकाश खालच्या पैलूंवरून परत वर फिरतो आणि खालचं काही दिसत नाही. नीट कापलेला हिरा (२.४२) आणि मोइसनाइट हा कारखान्यात बनणारा हिऱ्यासारखा खडा (२.६५ ते २.६९) अक्षर पूर्ण गिळतात. एडी (२.१५ ते २.१८) बरंचसं गिळतो. नीलम (१.७६ ते १.७७), स्पिनेल (१.७३), टोपाझ (१.६१ ते १.६२), स्फटिक (१.५४ ते १.५५) आणि बहुतेक काचा यांतून ते दिसतं. पण उथळ कापलेल्या हिऱ्यातूनही दिसू शकतं, म्हणून हा इशारा समजा, निकाल नव्हे.

टेस्टर वाजला नाही याचा अर्थ उष्णता झटकन वाहून नेणारा खडा नाही. हिरा आणि मोइसनाइट दोन्ही बाद, पण टेस्टर नीट तापलेला असेल तरच. बॅटरी उतरली असेल किंवा हिरवा दिवा लागायच्या आत टोक टेकवलं असेल तर खरा हिराही गप्प बसतो. खात्रीच्या हिऱ्यावर एकदा लावून बघा, मगच त्या मौनावर विश्वास ठेवा.

तराजूकाटा

मापं दिली आहेत, त्यामुळे अर्धं काम कागदावरच होतं. लंबगोल पैलूदार खड्याचं अंदाजी वजन असं काढतात: लांबी × रुंदी × खोली × घनता × ०.००२०, उत्तर कॅरेटमध्ये.

९.१ × ७.० × ४.६ = २९३. गुणिले ०.००२० = ०.५८६. आता त्याला एकेका घनतेने गुणत जा:

स्फटिक २.६५ … १.५५ कॅरेट
टोपाझ ३.५६ … २.०९
स्पिनेल ३.६४ … २.१३
नीलम ४.०० … २.३४
झिरकॉन ४.६५ … २.७२
एडी ५.८ … ३.४०

प्रत्यक्षात २.१०. एडी, झिरकॉन आणि स्फटिक यांना निरोप. सूत्र पाचेक टक्के इकडेतिकडे करतं (कंबर, म्हणजे खड्याची सर्वांत रुंद कड, जाड असेल, पोट फुगीर असेल तर खडा अंदाजापेक्षा जड भरतो), त्यामुळे टोपाझ की स्पिनेल हे यावरून ठरणार नाही. नीलम मात्र डळमळीत वाटतोय. काचेचं काही सांगता येत नाही, तिची घनता २.३ पासून ४.५ पर्यंत कुठेही असते.

पुढची पायरी खरी घनता. काटा ०.००१ ग्रॅमचा आहे ना? मग असं करा.

प्लास्टिकची हलकी वाटी घ्या. मिलिग्रॅम काट्यांची क्षमता बहुधा २० ते ५० ग्रॅमच असते, काचेचा ग्लास ठेवलात तर काटा एरर दाखवेल. वाटीत उकळून गार केलेलं पाणी घाला, खडा पूर्ण बुडून खाली बोटभर उरेल इतकं. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे खड्याला बुडबुडे चिकटत नाहीत. विजेच्या वायरमधली एक बारीक तांब्याची तार घेऊन तिचं छोटं शिंकाळं करा आणि ते बाहेरच्या स्टँडला टांगा. हातात धरू नका, हात हलतोच. रिकामं शिंकाळं पाण्यात सोडा आणि काटा शून्यावर आणा. मग बाहेर काढून त्यात खडा ठेवा आणि तारेवरच्या त्याच खुणेपर्यंत परत बुडवा. खडा तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता काट्यावर जो आकडा येईल तो खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा.

घनता = हवेतलं वजन ÷ हा आकडा.

पंखा बंद. पाच वेळा करा, दरवेळी खडा पुसून. तुमच्या खड्याला टोपाझ असेल तर ०.११८ यायला हवा, स्पिनेल असेल तर ०.११५, नीलम असेल तर ०.१०५. एका मिलिग्रॅमने काय होतं तेही लक्षात घ्या: ०.११७ ला घनता ३.५९, ०.११८ ला ३.५६, ०.११९ ला ३.५३. एकाच वाचनावर निर्णय करायचा नाही तो यासाठी. अर्ध्या कॅरेटच्या खाली ही पद्धत घरच्या काट्यावर निकामी समजा.

काटा खरा आहे का ते बघायला आधी एखादा खात्रीचा स्फटिक तोला, २.६५ आलं पाहिजे. जपमाळेतला मणी घेऊ नका. त्याच्या भोकात हवा अडकते आणि 'स्फटिकाच्या' कितीतरी माळा काचेच्याच निघतात.

सुटाखडा

केलं. टेस्टर एका खात्रीच्या हिऱ्यावर वाजला, या खड्यावर परत गप्प. पाण्यातली वाचनं: ०.११८, ०.११९, ०.११७, ०.११८, ०.११८. सरासरी ०.११८, घनता ३.५६. शिंकाळ्याची पहिली आवृत्ती फेकावी लागली. तार जाड होती, पाण्याच्या पृष्ठभागावर अडकून आकडा नाचत होता.

तराजूकाटा

बारीक तार घ्यायची ती त्याचसाठी. ३.५६ म्हणजे नीलम गेला, चार मिलिग्रॅम चूक झाली तरी तो येत नाही. पण एक गंमत बघा: हिऱ्याची घनता ३.५२. टोपाझ आणि हिरा घनतेवरून घरी वेगळे करता येत नाहीत. जुन्या काळी पांढरा टोपाझ हिरा म्हणून खपायचा त्यात याचाही हात आहे, हातात घेतल्यावर वजन बरोबर वाटतं. इथे टेस्टर कामाला आला.

पैलूपाड्या

आता प्रकाशाचं बघा. यंत्र विकत घ्यायची गरज नाही. लॅपटॉपचा एलसीडी पडदा ध्रुवीकृत प्रकाश देतो. त्यावर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगलची एक काच पडद्यासमोर धरून फिरवा, एका कोनात पडदा काळा होईल. तो कोन कायम ठेवा. खडा चिमट्यात धरून पडदा आणि गॉगल यांच्या मधे आणा आणि सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा.

फेरीत चार वेळा उजळला आणि चार वेळा विझला: दुहेरी वक्रीभवन. नीलम, टोपाझ, स्फटिक, झिरकॉन या गटातला.
कायम काळा राहिला: एकेरी. काच, स्पिनेल, एडी, हिरा.
काळ्यात सापासारख्या किंवा जाळीदार सावल्या सरकल्या: एकेरीच, पण आतून ताण असलेला. कारखान्यातल्या स्पिनेलमध्ये हे हमखास दिसतं, काचेतही दिसतं.

चुकतं कुठे? एक, प्रत्येक दुहेरी खड्याला एक किंवा दोन दिशा अशा असतात जिथून तो एकेरीसारखा वागतो. म्हणून तीन वेगवेगळ्या बाजूंनी बघा: टेबलातून (वरच्या मोठ्या सपाट पैलूतून), कमरेतून आडवा, आणि मग नव्वद अंशांत वळवून. दोन, पैलूंवरून प्रकाश उड्या मारतो आणि खोट्या चमका दिसतात. खडा पाण्याच्या पारदर्शक वाटीत बुडवून बघितला की त्या निवतात. वाटी काचेची घ्या, प्लास्टिकची स्वतःच रंग दाखवते.

भिंगधारी

त्याचबरोबर दहापट भिंगाने बघा. बाजारात याला आयग्लास म्हणतात. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि खडा त्याच्यापुढे इंचभर अंतरावर आणायचा. उलट करू नका: भिंग खड्याजवळ आणि डोळा फूटभर लांब. दोन्ही डोळे उघडे, कोपर टेबलावर, आणि प्रकाश बाजूने.

आधी खडा धुवा. बोटाचं तेल लागलेला खडा कोणताही दोष लपवतो.

मग पैलूंच्या कडा बघा. हिऱ्याच्या कडा पात्यासारख्या, नीलमाच्याही तीक्ष्ण. काचेच्या आणि घासलेल्या एडीच्या कडा गोळीसारख्या गुळगुळीत. खऱ्या झिरकॉनच्या कडा कागदात घासूनसुद्धा खवले उडाल्यासारख्या होतात, म्हणून ते खडे पुडीत एकत्र ठेवत नाहीत.

पॉलिशच्या रेघा हे सर्वांत कमी वापरलं जाणारं आणि फार उपयोगाचं चिन्ह. हिऱ्याचं काठिण्य दिशेप्रमाणे बदलतं, म्हणून कारागिराला प्रत्येक पैलूसाठी दिशा शोधावी लागते आणि शेजारच्या दोन पैलूंवर रेघा वेगवेगळ्या दिशांनी जातात. नकली खड्यावर त्या एका पैलूवरून दुसऱ्यावर सरळ चालत गेल्यासारख्या दिसतात. भिंग जरा तिरकं करून पैलूवर दिव्याचं प्रतिबिंब आणा, त्या झळाळीच्या काठावर रेघा उमटतात.

आत गोल बुडबुडे किंवा पाकासारख्या वळणाऱ्या रेषा दिसल्या तर काच. चौकोनी-टोकदार पोकळ्या, त्यांत द्रव आणि हलणारा बुडबुडा असं काही दिसलं तर टोपाझ. आणि पाठीवर चंदेरी थर आहे का तेही बघा. कुंदनात खड्याखाली डाक (चकचकीत पातळ पत्रा) घालतात तसा कित्येक काचखड्यांच्या पाठीला आरशाचा मुलामा असतो, त्यामुळे ते खोटं तेज मारतात.

सुटाखडा

कमरेतून आडवा धरल्यावर चार वेळा उजळतो, चार वेळा विझतो. टेबलातूनही तसंच. तिसऱ्या बाजूने फिकं, पण उजळ-विझ आहे. बुडबुडे नाहीत. एका कडेला आत सपाट, इंद्रधनुषी रंग मारणारी चीर आहे, अगदी आरशासारखी सपाट.

पैलूपाड्या

मग संपलं. दुहेरी वक्रीभवन आणि घनता ३.५६, बाजारात सहज मिळणारा असा पांढरा खडा टोपाझच. ती सपाट चीर हे त्याचं विदलन आहे, टोपाझ एका दिशेने पाव कापल्यासारखा दुभंगतो. वक्रीभवनमापीवर १.६१-१.६२ वाचलं की शिक्कामोर्तब. ते एखाद्या रत्नपरीक्षकाकडे पाच मिनिटांचं काम. मापी १.८१ पर्यंतच वाचते, त्यामुळे हिरा, एडी, मोइसनाइट, झिरकॉन यांना ती निरुपयोगी, पण तुमच्या खड्याला अगदी योग्य.

गुंजभर

किंमत. घाऊक बाजारात पांढरा टोपाझ कॅरेटला शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो. हाच माल किरणोत्सर्ग आणि उष्णता देऊन निळा करून विकतात, म्हणून पांढरा हा एका अर्थाने कच्चा माल. आत चीर असेल तर आणखी खाली. तात्पर्य, मोठ्या लॅबचा रिपोर्ट करायला जाल तर फी खड्यापेक्षा महाग पडेल. विम्यात वेगळा दाखवू नका.

विकणाऱ्याने 'पुखराज' या शब्दाआड नीलमाचा भाव घेतला असेल तर भांडायला कागद लागतो. पुढच्या वेळी बिलावर 'नैसर्गिक कोरंडम' असं लिहून मागा, 'पुखराज' नको. अंगठीवर हॉलमार्क आहे म्हणून खडा खरा, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. हॉलमार्कमधला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक फक्त सोन्याच्या शुद्धतेचा आहे, खड्याशी त्याचा संबंध नाही.

आडतोल

याच धाग्यात विचारतो. गोल, पांढरा, व्यास ६.५, खोली ४.० मिमी, वजन ०.९४ कॅरेट. टेस्टर खणखणीत वाजतो. म्हणजे हिरा धरायचा का?

तराजूकाटा

घाई नको. गोल ब्रिलियंट हिऱ्याचं सूत्र: व्यास × व्यास × खोली × ०.००६१. ६.५ × ६.५ × ४.० = १६९, त्याला ०.००६१ ने गुणलं की १.०३ कॅरेट. तुमचा ०.९४ म्हणजे हिऱ्यापेक्षा नऊ टक्के हलका. ३.५२ × ०.९४ ÷ १.०३ = ३.२१. मोइसनाइटची घनता ३.२२.

साधा उष्णतेचा टेस्टर मोइसनाइटला हिराच म्हणतो. वीजवहन मोजणारा जोडटेस्टर हवा. पण तिथेही फसगत आहे: एचपीएचटी पद्धतीच्या (प्रचंड दाब आणि उष्णता देऊन केलेल्या) काही लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, हिऱ्यांत बोरॉन असतं, ते वीज वाहून नेतात आणि जोडटेस्टर त्यांना 'मोइसनाइट' म्हणून मोकळा होतो. म्हणून डोळ्याने बघाच.

भिंगधारी

टेबलातून सरळ बघू नका, फसाल. मोइसनाइट घडवताना प्रकाशीय अक्ष (ज्या दिशेने तो एकेरीसारखा वागतो ती) टेबलाला काटकोनात ठेवतात, त्यामुळे समोरून काहीच दुहेरी दिसत नाही. खडा तिरका करा आणि वरच्या बाजूच्या एखाद्या पतंगाकृती पैलूतून पलीकडच्या खालच्या पैलूंच्या कडा बघा. एका रेघेच्या दोन रेघा, आगगाडीच्या रुळांसारख्या, दिसल्या की मोइसनाइट. हिऱ्यात असं होणार नाही. आत पांढऱ्या, बारीक, एकमेकींना समांतर सुया दिसल्या तर तेही त्याचंच लक्षण. रंग फेकण्याचं प्रमाण हिऱ्याच्या दुपटीहून जास्त (०.१०४ विरुद्ध ०.०४४), दिव्याखाली डिस्कोसारखं वाटतं ते यामुळे.

आडतोल

रूळ दिसले. स्वच्छ दिसले. दुसरा प्रश्न मग सरळ: रूळ दिसले नसते आणि वजनही बसलं असतं, तर खाणीतला की लॅबग्रोन हे घरी कळतं का?

पैलूपाड्या

नाही. लॅबग्रोन हा हिराच आहे. घनता, वक्रीभवनांक, टेस्टर, सगळं तेच. भिंगातून काही धागे मिळतात: एचपीएचटीत धातूचे कण राहिले असतील तर खडा दोऱ्याला टांगून निओडायमियम चुंबक जवळ आणल्यावर हलतो, सीव्हीडीत (वायूतून थराथराने वाढवलेल्या हिऱ्यात) काळे ठिपके असू शकतात. कंबरेवर लेझरने 'एलजी'ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर प्रश्नच नाही, फक्त तो घासून काढता येतो हे लक्षात ठेवा.

खाणीतल्या बहुसंख्य हिऱ्यांत नायट्रोजन असतं, त्यांना टाइप वन ए म्हणतात. सीव्हीडी हिरे जवळजवळ सगळे टाइप टू ए, नायट्रोजन नसल्यात जमा. दुकानातली स्क्रीनिंग यंत्रं हाच फरक पकडतात. म्हणून यंत्राने 'रेफर' (पुढच्या तपासणीला पाठवा) दाखवलं म्हणजे लॅबग्रोन सिद्ध झाला असं नाही. नैसर्गिक टाइप टू ए हिरे थोडे असतात, पण असतात, आणि गोवळकोंड्याचे नामांकित हिरे नेमके त्याच जातीचे. जुन्या घराण्यातल्या दागिन्यातला हिरा 'रेफर' आला म्हणून लॅबग्रोनच्या भावात देऊन टाकणं ही सर्वांत महागडी चूक. तो सरळ मोठ्या लॅबकडे.

गुंजभर

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जीआयए आणि आयजीआय या हिरे-रत्नं तपासणाऱ्या दोन्ही संस्थांच्या लॅब आहेत. जीआयएने २०२५ पासून लॅबग्रोनला डी ते झेड अशी रंगाची आणि शुद्धतेची श्रेणी देणं थांबवलं, 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड' एवढंच देतात.

रिपोर्ट म्हणजे किंमतपत्र नव्हे. त्यात रुपये कुठेच नसतात. आणि कागद खरा, खडा दुसरा असंही चालतं. कागदावरचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दिलेलं असतं, ते व्हर्नियरने ताडून बघा. वजन, खोली आणि आकृतीत दाखवलेले दोष भिंगाने जुळवा. क्रमांक लॅबच्या संकेतस्थळावर टाका.

आडतोल

आणि भाव? 'रॅप'वर इतके टक्के बॅक वगैरे ऐकू येतं.

गुंजभर

'रॅप' म्हणजे रॅपापोर्टची हिऱ्यांच्या भावांची यादी, १९७८ पासून निघते. आकडे शेकडा डॉलर प्रति कॅरेट. समजा एका चौकटीत ५० लिहिलंय, म्हणजे ५००० डॉलर कॅरेटला. व्यापारी ४० बॅक, म्हणजे यादीपेक्षा ४० टक्के कमी, म्हणाला तर ३०००. खडा ०.९२ चा असेल तर २७६० डॉलर. (आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून, आजचा भाव म्हणून नव्हे.) यादी म्हणजे मागण्याचा भाव, सौदा किती बॅक होतो त्यावर सगळं. लॅबग्रोन किंवा चीर काच भरून बुजवलेला हिरा या यादीने मोजू नका.

वजनाचे टप्पे बघा: ०.३०, ०.५०, ०.७०, ०.९०, १.००, १.५०. ०.९८ आणि १.०१ मध्ये डोळ्याला फरक शून्य, प्रति कॅरेट भावात मात्र उडी. म्हणूनच काही खडे वजन राखायला जाड कमरेचे, खोल पोटाचे कापतात. १.०१ चा खडा वरून ६.१ मिमीच दिसत असेल तर वजन पोटात गेलंय.

तराजूकाटा

एकाच खड्याच्या तीन किमती असतात आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात. विम्याची, म्हणजे तसाच नवा दुकानातून आणायला जे लागेल ते, ही सर्वांत वर. दुकानदाराच्या बायबॅकची, जी त्याच्या बिलातल्या अटींवर चालते आणि बहुधा त्याच्याच दुकानापुरती. आणि खुल्या बाजारात आज रोख काय मिळेल ती, सर्वांत खाली. लॅबग्रोनमध्ये पहिली आणि तिसरी यांतलं अंतर सर्वांत मोठं, कारण कारखान्यातून नवा माल सतत स्वस्त होत येतोय.

भिंगधारी

जुन्या घाटाच्या हिऱ्याबद्दल एक. टेबल लहान, मुकुट उंच आणि तळाचं टोक सपाट कापलेलं, वरून बघितलं की मधोमध छोटं भोक असल्यासारखं दिसतं. असा खडा 'नव्या कटात करून देतो, चमक वाढेल' म्हणून कुणी मागितला तर थांबा. नव्याने कापताना वजन जातं, कधी वजनाचा टप्पाही जातो, आणि जुन्या कटाला वेगळा गिऱ्हाईक आहे. पोलकीला (पैलू न पाडलेल्या हिऱ्याला) तर गोल ब्रिलियंटचे नियम लावूच नका.

खडा कुणाकडे दाखवायला देताना समोर तोलून, समोर मोजून, पावतीवर कॅरेट शंभराव्या भागापर्यंत आणि तिन्ही मापं लिहून घ्या. मोबाइलचा कॅमेरा भिंगाला लावून आतल्या दोषाचा फोटो काढून ठेवा, तीच खड्याची सही. 'आत दाखवून आणतो' हे मान्य करू नका.

सुटाखडा

आभार सगळ्यांचे. टोपाझ तर टोपाझ, त्याच अंगठीत परत बसवायचा आहे. चीर आहे म्हणून काही काळजी?

पैलूपाड्या

दात्यांच्या, म्हणजे नख्यांनी खडा पकडणाऱ्या, बैठकीत नको. दाता दाबताना जोर एका बिंदूवर येतो आणि विदलन तिथूनच उघडतं. पातळ पट्टीची बंद बैठक करायला सांगा, पट्टी शक्यतो २२ कॅरेटच्या मऊ सोन्याची. चीर कोणत्या बाजूला आहे ते कारागिराला भिंगातून दाखवा, म्हणजे त्या बाजूला तो शेवटी आणि हलक्या हाताने दाबेल. अंगठीचं माप बदलायचं असेल तर ते आधी, खडा बसवल्यावर डाख लावायला ज्योत नको. अल्ट्रासॉनिकमध्ये कधीच टाकू नका, कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश पुरे.

सुटाखडा

माप अर्ध्या नंबरने कमी करायचंच आहे. मग आधी अंगठी देतो, खडा घरी ठेवतो.